पँथर आधी मतपत्रिकेवर होता



मागच्या रविवारी आमच्या अभ्यासवर्गात मारामारी व्हायची राहिली. खोली दहा बाय बारा, पोरं चौदा, पंखा एक. आणि विषय काय, तर अमेरिकेतली निवडणूक. ज्यांच्या नळाला सकाळी अर्धा तास पाणी येतं ती पोरं वॉशिंग्टनवरून एकमेकांची गचांडी धरत होती. कुणी पांढरपेशा दारातून डोकावला असता तर हसला असता. हसू दे. जगाचा विचार करायचा मक्ता त्याच्या बापाला कुणी लिहून दिलेला नाही.

एक दोस्त म्हणाला, "मतदान हा मालकांचा तमाशा आहे. तिकडे काळ्यांनी साठ वर्षं मतं टाकली. मिळालं काय? २०२० साली मिनिॲपोलिसच्या रस्त्यावर मानेवर पोलिसाचा गुडघा." दुसरा उसळला, "असं कसं? ओबामा २००८ साली आला, २०१२ साली परत आला. कमला हॅरिस उपाध्यक्ष झाली. धीर धरला की पाळी येते."

पहिल्याच्या टीशर्टावर काळा पँथर होता, झेप घेताना. मी त्याला विचारलं, "हे जनावर आलं कुठून?"

"ओकलंडमधून. १९६६. ह्यूई न्यूटन, बॉबी सील. काळे कोट, हातात बंदुका. त्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत आपण नाव घेतलं."

"बरोबर. आणि ओकलंडच्या आधी?"

सगळे गप्प.

ओकलंडच्या आधी तो पँथर मतपत्रिकेवर होता. निवडणूक चिन्ह होता. आपल्याकडे हत्ती असतो तसा. ज्या जनावराच्या नावाने आपण मतपेटीला लाथ मारायच्या गोष्टी करतो, ते जनावर मतपेटीसाठीच जन्माला आलं. हे ऐकून दोघांचीही तोंडं बंद झाली, म्हणून हा लेख.

मी कोण तेही सांगतो. गोदीत पोलादाची कॉइल उतरवणाऱ्या टोळीत आहे. दहावी पास. रातपाळी नसली की कविता लिहितो, आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी वाचतो. एक पान वाचायला तास लागतो. पण तास मोजून वाचलेलं विसरत नाही.

तर अलाबामा नावाचं राज्य. त्यात लाउन्ड्स नावाचा जिल्हा. तिकडे त्याला काउंटी म्हणतात. सेल्मा ते माँटगोमेरी हा जो १९६५च्या मोर्चाचा प्रसिद्ध रस्ता, तो या जिल्ह्याच्या पोटातून जातो. शंभरातले ऐंशी लोक काळे. जमीन गोऱ्यांची. काळ्यांनी कापूस पिकवायचा आणि अर्धेलीवर जगायचं. १९६५ साल उजाडलं तेव्हा या जिल्ह्याच्या मतदार यादीत एकही काळा माणूस नव्हता. एकही नाही. आणि यादीतली गोरी नावं मात्र जिल्ह्यातल्या मतदानाच्या वयाच्या गोऱ्या माणसांपेक्षा जास्त होती. म्हणजे गोऱ्यांचे मुडदे मतं टाकत होते आणि काळ्यांची जिवंत माणसं मुडद्यासारखी घरी बसत होती.

सेल्माच्या पुलावर ७ मार्च १९६५ रोजी पोलिसांनी लोकांची डोकी फोडली. ते टीव्हीवर दिसलं. एका वाहिनीने रात्रीचा सिनेमा मध्येच तोडून ते दाखवलं. सिनेमा नाझींवरच्या न्युरेम्बर्ग खटल्याचा, आणि मध्येच घोड्यांवर बसलेले अलाबामाचे पोलीस. घराघरात लोक हादरले. ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. केंद्र सरकारची माणसं नावं नोंदवायला लाउन्ड्समध्ये आली. नाव नोंदवलं त्याला मालकाने जमिनीवरून हाकललं. हाकललेल्यांनी रस्त्याच्या कडेला तंबू ठोकले आणि हिवाळ्यात तिथे राहिले. एका नावासाठी. यादीतल्या एका ओळीसाठी.

आता नाव आलं, पण मत द्यायचं कुणाला? स्टोकली कारमायकल आणि त्याचे विद्यार्थी दोस्त गावकऱ्यांना म्हणाले, अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षात शिरू नका. त्या पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि कोंबड्याच्या डोक्यावर अक्षरं होती: गोऱ्यांचं वर्चस्व. मतपत्रिकेवर छापलेली. झाकपाक नाही. १९६६ साली त्यांनी ते शब्द काढले, कोंबडा ठेवला. लाउन्ड्सच्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला: लाउन्ड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. अलाबामात पक्षाला चिन्ह लागायचं, कारण वाचता न येणारे पुष्कळ. यांनी काळा पँथर घेतला. त्यांचा पुढारी जॉन ह्युलेट समजावून सांगायचा, की पँथर उगाच कुणाच्या अंगावर जात नाही; त्याला कोपऱ्यात कोंडलं की मग मात्र सोडत नाही.

म्हणजे पँथर जन्मला तो असा. कोंबड्यासमोर.

पण वेगळा पक्ष का? मोठ्या पक्षात शिरून बदल करता आला नसता का? हा प्रश्न आपल्याकडेही दर निवडणुकीला कुणीतरी गळ्यात शाल अडकवून विचारतो. त्याचं उत्तर लाउन्ड्सच्या लोकांना दोन वर्षं आधीच मिळालं होतं, शेजारच्या मिसिसिपी राज्यातल्या एका बाईकडून.

फॅनी लू हेमर. विसावं मूल. सहाव्या वर्षापासून कापूस वेचायला. १९६२च्या ऑगस्टमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला बसने गेल्या. घरी आल्या तर मळ्याचा मालक दारात: नाव मागे घे, नाहीतर चालती हो. अठरा वर्षं त्या मळ्यावर राबलेल्या हेमरबाई त्याच रात्री बाहेर पडल्या. १९६३ साली विनोनाच्या तुरुंगात त्यांना मारलं. मारलं कुणी? पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्या हातात दंडा दिला आणि त्यांच्याकडून मारवलं. आपल्या माणसाचा हात आपल्याच पाठीवर. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मिसिसिपीत तेव्हा शंभर काळ्या माणसांत सात जणही मतदार नव्हते. डेमोक्रॅटिक पक्षाचं प्रतिनिधी मंडळ सगळं गोरं. मग काळ्यांनी आपला मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्ष उभा केला, स्वतः सभा घेऊन प्रतिनिधी निवडले आणि ऑगस्ट १९६४मध्ये अटलांटिक सिटीच्या राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन म्हणाले: खरे प्रतिनिधी आम्ही आहोत, या खुर्च्या आमच्या. २२ ऑगस्टला समितीपुढे हेमरबाई बोलायला बसल्या. देशभरचे टीव्ही कॅमेरे समोर. बाई मळ्याचं सांगतात, तुरुंगाचं सांगतात, आवाज चढत नाही, पडत नाही.

आणि साला कॅमेरा फिरला.

का फिरला? कारण प्रेसिडेंट लिंडन जॉन्सन यांनी ऐन त्या वेळी पत्रकारांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. तातडीचं काहीच नव्हतं. त्यांना फक्त ती बाई पडद्यावरून घालवायची होती. दक्षिणेतले गोरे मतदार नोव्हेंबरात बिथरतील ही भीती. वाहिन्यांनी कॅमेरे तिकडे वळवले. प्रेसिडेंट बोलतोय म्हटल्यावर कापूस वेचणारीला कोण दाखवतो?

पण डाव उलटला. रात्रीच्या बातम्यांत वाहिन्यांनी हेमरबाईंचं बोलणं दाखवलंच, आणि दुपारी कामावर असलेल्या लोकांनीही ते पाहिलं. मग तडजोड आली. दोन जागा घ्या. फक्त दोन. आणि त्या दोन जागांवर बसणार कोण, हेही वरच्यांनी ठरवून दिलेलं. हेमरबाईंचं नाव त्यात नव्हतं. त्यांनी ती भीक नाकारली. जागा आमची, माणूस निवडणार ते. १९३२च्या पुणे करारापासून आपण जो प्रश्न छातीवर घेऊन फिरतोय, तोच प्रश्न अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठी उभा होता.

आता पुढची गंमत ऐका. त्याच जॉन्सन यांच्या प्रचाराने त्यानंतर पंधरवड्यात, ७ सप्टेंबर १९६४ रोजी, एक मिनिटाची जाहिरात दाखवली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजते, तिच्या मोजण्यावर एका पुरुषाची उलटी मोजणी येते, आणि अणुबॉम्ब फुटतो. विरोधी उमेदवार गोल्डवॉटर यांचं नावही त्यात नाही. जाहिरात पैसे देऊन एकदाच दाखवली. मग आरडाओरड झाली, आणि वाहिन्यांनी 'बातमी' म्हणून ती पुन्हा पुन्हा फुकट दाखवली. एकाच माणसाला कॅमेरा कुठून काढायचा हेही ठाऊक, आणि कुठे फुकटात लावून घ्यायचा हेही ठाऊक. तिकडच्या प्रचाराचं सगळं शास्त्र या दोन आठवड्यांत आहे.

आणि ज्या दक्षिणेसाठी हेमरबाईंना बाजूला सारलं ती दक्षिण मिळाली का? जॉन्सन देशभर प्रचंड मतांनी जिंकले, पण मिसिसिपी, अलाबामा धरून दक्षिणेतली पाच राज्यं गोल्डवॉटरकडे गेली. ज्याची मनधरणी करण्यासाठी आपल्या माणसाचा गळा दाबला, तोच पाठ फिरवून गेला. हेही आपण इथे पाहिलेलं आहे.

म्हणून लाउन्ड्सने स्वतःचं चिन्ह काढलं. ३ मे १९६६ला हेनविलच्या चर्चपाशी सुमारे नऊशे लोक जमले आणि त्यांनी आपले उमेदवार निवडले. शेरीफ, कर आकारणारा, शिक्षण मंडळ. प्रेसिडेंटची खुर्ची कुणी मागितली नाही. ज्याच्या हातात तुरुंगाची चावी, ज्याच्या हातात कराची वही, ज्याच्या हातात शाळा, त्या खुर्च्या मागितल्या. आणि लोकांना या पदांचं काम कळावं म्हणून कार्यकर्त्यांनी चित्रांच्या पुस्तिका काढल्या: शेरीफ काय करतो, त्याला काय करायला कायदा सांगतो. अक्षर न येणारी म्हातारी चित्र बघून शेरीफची कर्तव्यं बोलून दाखवेल अशी सोय.

८ नोव्हेंबर १९६६ला मतदान झालं. मळेवाल्यांनी आपल्या कुळांना ट्रकात भरून केंद्रावर नेलं आणि मत कुठे टाकायचं ते बजावलं. पँथरचे सगळे उमेदवार पडले. एकूण एक. त्याच्या जरा आधी, ऑक्टोबरात, ओकलंडच्या पोरांनी ते चिन्ह उचललं होतं, आणि त्यांच्या अंगावरून ते जगभर गेलं, आपल्यापर्यंत आलं. पण लाउन्ड्समध्ये लोक थांबले नव्हते. १९७० साली जॉन ह्युलेट शेरीफ म्हणून निवडून आला. ज्या जिल्ह्यात पाच वर्षांपूर्वी यादीत एक काळं नाव नव्हतं तिथे तुरुंगाची चावी काळ्या माणसाच्या हातात. ओकलंडच्या पँथरांनीही पुढे तोच रस्ता धरून पाहिला. १९७३ साली बॉबी सील महापौरपदाला उभा राहिला, दुसऱ्या फेरीपर्यंत गेला आणि हरला. तेव्हा पहिल्या दोस्ता, तुझ्या टीशर्टावरच्या पँथरला मतपेटीची शिसारी नव्हती.

पण दुसऱ्या दोस्ता, तू लगेच हसू नको. तुझाही हिशोब आहे.

तू म्हणतोस धीर धर, पाळी येते. पाळी देणारा कोण, ते बघ. तिकडे आपल्यासारखा एक मध्यवर्ती निवडणूक आयोग नाही. मतदार यादी, केंद्रं, मतपत्रिका, मोजणी, सगळं राज्याराज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या हातात. केंद्राचा जो आयोग १९७५ पासून आहे तो फक्त पैशाचा हिशोब बघतो. यादी ज्याच्या हातात त्याच्या हातात कात्री. राष्ट्रीय निवडणूक नोव्हेंबरातल्या मंगळवारी, कामाच्या दिवशी. देशभर सुट्टी नाही. आपल्याकडे कायद्याने मतदानाची पगारी सुट्टी आहे. आता ती आमच्या मुकादमाला सांगितल्यावर त्याने माझी हजेरी कशी कापली ते वेगळं. पण कायदा तरी आहे, भांडायला कागद तरी आहे.

१९६५च्या कायद्यात एक चांगली तरतूद होती. ज्या राज्यांचा इतिहास काळा, म्हणजे गोऱ्यांच्या कृत्यांनी काळा, त्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ती राज्यं ठरवायची फूटपट्टीच रद्द केली, आणि परवानगीची अट निकामी झाली. खटला आला होता अलाबामातल्याच शेल्बी जिल्ह्यातून. मतदानाला फोटोचं ओळखपत्र मागणाऱ्या अलाबामाने २०१५ साली वाहन परवाने देणारी ३१ कार्यालयं बंद करायचं ठरवलं. काळ्यांच्या वस्तीचे कितीतरी जिल्हे त्यात होते. ओरड झाली तेव्हा थोडी माघार घेतली. २०२१ साली जॉर्जिया राज्याने कायदा केला की मतदान केंद्राच्या १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला पाणी किंवा खाणं देणं हा गुन्हा. कोर्टाने त्या कलमाचा काही भाग नंतर अडवला. पण कायद्याच्या पुस्तकात 'पाणी' हा शब्द बघून महाडची लेकरं काय समजायचं ते समजतात.

नकाशाचंही तसंच. अलाबामात चौथ्या हिश्शाहून जास्त लोक काळे, पण लोकसभेच्या सात जागांपैकी ज्या जागेवर त्यांचं बळ चालेल अशी जागा एकच होती. काही काळे मतदार एका मतदारसंघात कोंबायचे, उरलेले बाकीच्यांत पातळ करायचे. गवळी दुधात पाणी घालतो तसं. २०२३ साली सुप्रीम कोर्टाने तो नकाशा बेकायदा ठरवला. तोपर्यंत एक निवडणूक त्याच नकाशावर होऊन गेली होती.

आता पैसा. १९७६ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, प्रचारावर पैसा खर्चणं हे बोलण्यासारखंच आहे, त्याला मर्यादा नको. २०१० साली सिटिझन्स युनायटेडच्या खटल्यात सांगितलं, कंपन्यांनाही तो हक्क आहे. उमेदवाराशी संगनमत न करता त्यांनी हवा तेवढा खर्च करावा. पैसा म्हणजे बोलणं! मग ज्याच्या खिशात पैसा नाही तो मुका, असंच ना? २०२४च्या निवडणुकीत एलॉन मस्क या एका माणसाने २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले. मी बसून हिशोब केला. अलाबामात किमान मजुरी तासाला सव्वासात डॉलर; २००९ साली ठरली ती २०२५ सालीही तीच. त्या दराने वर्षाला दोन हजार तास राबणाऱ्या मजुराला एवढे पैसे कमवायला सतरा हजार वर्षं लागतील. तेही एक घास न खाता.

कुणी म्हणेल, हॅरिस यांच्या प्रचाराने तर शंभर कोटी डॉलरहून जास्त जमवले, तरी त्या हरल्या. बरोबर. पैशाने जिंकताच येतं असं नाही. पण पैशावाचून उभंच राहता येत नाही. तिकडचे खासदार दिवसाचे कितीतरी तास देणगीदारांना फोन करत बसतात. सरकारी कचेरीतून देणगी मागायला मनाई, म्हणून पक्षांनी संसदेजवळ फोन करायच्या खोल्याच ठेवल्यात. आता सांगा, दिवसभर ज्याच्याकडे हात पसरला त्याचं संध्याकाळी ऐकायचं, की ज्याने दोन वर्षांतून एकदा मत टाकलं त्याचं?

तो पैसा जातो कुठे? मोठा वाटा जाहिरातीत. म्हणजे टीव्हीवाल्यांच्या गल्ल्यात. आणि तेच टीव्हीवाले बातमी देणार. २०१६ साली ट्रम्प यांच्या सभा वाहिन्यांनी तासन् तास फुकट दाखवल्या, कारण लोक बघत होते. सीबीएसच्या प्रमुखाने उघड कबूल केलं, की हे देशाच्या भल्याचं नसेलही, पण आमच्या कंपनीच्या फार भल्याचं आहे. त्याच्या प्रामाणिकपणाला सलाम. १९७२ साली शर्ली चिझम ही काळी बाई डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला उभी राहिली तेव्हा टीव्हीवरच्या वादात तिला घेतलं नाही. पडद्यावर वेळ मिळवायला तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि १९८८ साली बुश यांच्या बाजूच्या एका 'स्वतंत्र' गटाने एका काळ्या कैद्याचा फोटो जाहिरातीत दाखवून गोऱ्यांना घाबरवलं. वाहिन्यांनी तो फोटोही बातमी म्हणून फुकट फिरवला. म्हणजे काळा माणूस उमेदवार म्हणून नको, भीती म्हणून हवा.

बाकी बातमी म्हणजे महालक्ष्मीची रेस. कोण पुढे, कोण मागे, कुणावर किती. शाळेचं काय, दवाखान्याचं काय, मजुरीचं काय, हे विचारायला वेळ नाही. निकालही आधी टीव्हीच सांगतो. २०००च्या नोव्हेंबरात वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य गोर यांना दिलं, काढून घेतलं, बुश यांना दिलं, तेही काढून घेतलं. एका रात्रीत. शेवटी कोर्टाने मोजणी थांबवली तेव्हा अंतर होतं ५३७ मतांचं. देशभर पाच लाखांवर मतं जास्त मिळवलेले गोर घरी गेले.

जास्त मतंवाला घरी कसा जातो? कारण प्रेसिडेंट मतदार निवडत नाहीत. ५३८ निर्वाचक निवडतात, २७० लागतात. एवढ्या मोठ्या देशातल्या जवळजवळ सगळ्या राज्यांत एक मताने जरी पुढे गेलात तरी राज्याचे सगळे निर्वाचक तुमचे. हे १७८७ साली ठरलं तेव्हा गुलामांना मत नव्हतं, पण गुलामाच्या डोक्याचे तीन-पंचमांश मालकाच्या राज्याच्या खात्यात धरले जात; तेवढ्या त्या राज्याच्या जागा जास्त, तेवढे निर्वाचक जास्त. घटनेच्या वहीत माणूस अपूर्णांकात लिहिलेला होता. गुलामी गेली, वही तीच.

त्यामुळे प्रचार होतो सात-आठ राज्यांत. २०२४ साली सात: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेवाडा. जाहिरातींचा पूर तिथे, नेत्यांची विमानं तिथे, कॅमेरे तिथे. अलाबामाचं आधीच ठरलेलं, म्हणून अलाबामात कुणी फिरकत नाही.

आता परत लाउन्ड्समध्ये चला. जिथे पँथर जन्मला तिथे.

तिथली माती चिकट, काळी. पाणी मुरत नाही. गटाराची लाइन बहुतेक घरांना नाही. चांगली टाकी बसवायला हजारो डॉलर लागतात, ते नाहीत. मग संडासाचा पाइप घरामागे उघड्यावर सोडायचा. पोरं खेळतात तिथे मैला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात. आणि सरकार काय करायचं? टाकी नाही म्हणून त्याच गरिबांना दंडाची आणि खटल्याची भीती घालायचं. खूप वर्षं लोक भांडले. शेवटी केंद्राच्या न्याय खात्याने १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली चौकशी केली आणि मे २०२३मध्ये अलाबामाच्या आरोग्य खात्याशी करार झाला: लोकांना दंड करायचा नाही, घरोघर पाहणी करायची, योजना करायची.

नोव्हेंबर २०२४ला निवडणूक झाली. लाउन्ड्सने बहुमताने हॅरिस यांना मतं दिली. अलाबामाचे नऊच्या नऊ निर्वाचक ट्रम्प यांना गेले. लाउन्ड्सच्या मताची किंमत शून्य. आणि एप्रिल २०२५मध्ये नव्या सरकारने तो करार मोडला. म्हणे हे विविधतेचं थोतांड आहे. मैल्याच्या पाइपाला थोतांड म्हणणारा माणूस त्या पाइपाजवळ कधी उभा राहिला असेल?

म्हणून दोघांनाही सांगतो.

पहिल्या दोस्ता, तू म्हणतोस मतदानाने काही होत नाही. लाउन्ड्सच्या अंगणातला मैला राहील की जाईल हे एका निवडणुकीने ठरलं. ज्याने काही होत नाही ती गोष्ट तुझ्यापासून लांब ठेवायला कुणी पाण्याच्या घोटावर कायदा करत नाही, कुणी माणसाला मळ्यावरून हाकलत नाही.

दुसऱ्या दोस्ता, तू म्हणतोस चेहरा बदलला की पाळी आली. लाउन्ड्सला शेरीफ मिळाला, ओबामा आठ वर्षं प्रेसिडेंट राहिला, आणि पाइप उघडाच होता. यादी, नकाशा, पैसा, कॅमेरा या चार दारांवर कोण उभा आहे ते विचारल्याशिवाय चेहऱ्याला हार घालू नको.

आणि माझ्या धंद्याचंही एक सांगतो. १९ जून २०२० रोजी, फ्लॉइडच्या खुनानंतर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी २९ बंदरांतलं काम आठ तास बंद ठेवलं. ओकलंडची गोदी त्यात होती. त्या दिवशी कुठे मतदान नव्हतं. मत दोन-चार वर्षांनी मागायला येतात. आपला हात रोज लागतो. दोन्ही आपल्याजवळ आहेत, एक कशाला फेकायचं?

मी अभ्यासवर्गात शेवटी एकच विचारलं. लाउन्ड्सच्या अक्षरशत्रू म्हातारीला शेरीफचं काम ठाऊक होतं. तुमच्यापैकी कुणाला आपल्या नगरसेवकाचं काम ठाऊक आहे? वस्तीच्या गटारासाठी पैसे कुठल्या खात्यातून येतात? तुझं नाव यादीत आहे का, तू शेवटचं कधी बघितलंस?

पंखा फिरत होता. अमेरिकेवरून गळे धरणारी चौदा पोरं खाली बघत होती. मीही त्यांतलाच, मलाही सगळं ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचला वर्ग आहे. विषय: आपला वॉर्ड. येताना मतदार यादी आणा. चित्र काढता येतं त्याने रंगपेटी आणावी. म्हाताऱ्यांसाठी पुस्तिका करायची आहे.

जयभीम.